टेकू

"साहेब, दार नीट लागलं नाही तुमचं," टॅक्सीवाला आरशातून बघत म्हणाला आणि मागच्या सीटवर बसलेला तो चोरी पकडल्यासारखा दचकला. वाक्य केवढं साधं. तो माणूस दिवसातून वीस जणांना वीस वेळा हेच म्हणत असेल. त्याने घाईघाईने दार उघडलं आणि पुन्हा ओढून घेतलं, गरजेपेक्षा जास्तच जोरात. "लागलं," टॅक्सीवाला म्हणाला, "पण जरा हळू घ्या साहेब. दार आहे ते, त्याने काय घोडं मारलंय तुमचं?" एरवी तो हसला असता. आज त्याने तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. छप्पन्न वर्षांचा माणूस, केस पांढरे, बॅगेत तीन इमारतींचे नकाशे. ज्याची सही झाल्याशिवाय ठेकेदार स्लॅबखालचा एक टेकू हलवत नाहीत, तो टॅक्सीचं दार लागलं नाही म्हणून शाळेतल्या पोरासारखा लाजून बसला होता. लाज नुसत्या दाराची असती तर एवढं वाटलं नसतं. टॅक्सी सिग्नलला थांबली. दादाच्या घरापर्यंत अजून पंचवीस मिनिटांचा रस्ता होता.

सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा तो ऑफिसात होता. "भाऊजी, आज चारला ह्यांना डॉक्टरांकडे न्यायचंय," वहिनी म्हणाल्या. "विसरण्याच्या डॉक्टरांकडे. ह्यांनी स्वतःच नंबर लावलाय, मला कालपर्यंत पत्ता नाही. जवळचं माणूस बरोबर आणा म्हणाल्यात. मी म्हटलं मी येते, तर म्हणाले, धाकट्याला बोलव, त्याला सगळं माहीत आहे." मग वहिनींचा आवाज खाली आला. दादा पलीकडच्या खोलीत असावा. "तुमच्याकडे ती गाडी बघून आल्यापासून हे असंच चाललंय. गॅस बंद केला का, चार चार वेळा उठून बघतात. औषधं मला मोजायला लावतात. कोपऱ्यावर पेपर वाचायला जायचे तेही बंद. परवा म्हणाले, माझ्या शर्टाच्या खिशात आपला पत्ता लिहून ठेव. भाऊजी, तिथे काही झालं होतं का हो?" तो म्हणाला, "नाही, काही नाही. मी येतो वेळेवर." फोन ठेवल्यावर त्याने समोरच्या नकाशाकडे बघितलं. समासात त्याच्याच हाताने, लाल शाईत लिहिलेलं होतं: टेकू मुदतीआधी काढू नयेत. हे तो गेली तीस वर्षं लिहीत आला होता. त्याने पेनाचं टोपण लावलं आणि हाताखालच्या मुलीला डोकं दुखतंय असं सांगून निघाला, म्हणजे तिथेही खोटंच.

दादा म्हणजे चाळीस वर्षं गाड्यांचे पोचे काढलेला माणूस. चुरगळलेला पत्रा तो हातोडी आणि ठोकळ्याच्या मधे धरून असा सरळ करायचा, की गाडीचा मालक येऊन विचारायचा, ठोकली नेमकी कुठे होती हो? वडील गेले तेव्हा दादा सतराचा होता आणि हा नऊचा. पुढचं सगळं दादाने केलं. शाळा, कॉलेज, ड्रॉइंगचा बोर्ड, पहिल्या मुलाखतीचे बूट. दादाला एकच गर्व होता, तो लक्षात ठेवण्याचा. "गाड्यांचे नंबर नाही राहत माझ्या डोक्यात, पोचे राहतात," असं म्हणायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या गाडीकडे बोट दाखवून सांगायचा, हिचा डावा मडगार्ड अकरा वर्षांपूर्वी मी काढलाय, मालक सारखं घड्याळ बघत होता. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि डावा हात, डावा पाय अर्धे गेले. दवाखान्यातून घरी येताना दादा म्हणाला, "डोकं शाबूत आहे ना? मग बाकी चालेल." वर्कशॉप बंद झालं. तिथली सगळी हत्यारं दिली गेली, राहिली ती एक गाडी. एका पडक्या गोदामामागे वेलींनी गिळलेली ती दोन दारांची, उघड्या टपाची जुनी गाडी दादाने कधीतरी उचलून आणली होती. निवृत्त झालो की हिला उभी करतो, असं पंधरा वर्षं म्हणत होता. कापडी टप कुजून गेला होता, त्याच्या लोखंडी कमानी तेवढ्या उरल्या होत्या. तळाला अशी भोकं, की सीटवर बसलं तर पायाखालची जमीन दिसावी. गेल्या वर्षी ती ट्रकवर चढवून ह्याच्या घराच्या गॅरेजमध्ये आणली, पुढे ड्रायव्हरशेजारी दादा नवरदेवासारखा बसलेला. "हात तुझे, डोकं माझं," दादा म्हणाला. "डोकं मलाही आहे," हा म्हणाला. "आहे ना. पण ते सिमेंटचं आहे," दादा म्हणाला आणि ट्रकवाल्यासकट सगळे हसले.

आणि खरं सांगायचं तर ते महिने चांगले गेले. इतक्या जवळ ते दोघे लहानपणानंतर आले नव्हते. रविवारी दादा गॅरेजात खुर्ची टाकून बसायचा, काठी गुडघ्यांच्या मधे, आणि हा तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा. लाल भुकटी नाकात जायची, दातांखाली कचकचायची, आंघोळ केल्यावरही टॉवेलवर तिचे डाग पडायचे. ऑफिसात कोणी त्याच्या हाताकडे बघितलं की बरं वाटायचं. घरी जुनी गाडी करतोय म्हटलं की लोक कौतुकाने बघतात. भाऊ डेंटर आहे म्हटलं की तसं बघत नाहीत, हे त्याला पूर्वीपासून माहीत होतं. एका रविवारी दादा कष्टाने खुर्चीवरून खाली उतरला, फरशीवर बसला आणि खडूने एक गाडी काढली, बाजूने दिसते तशी. "हे बघ. छप्पर असलेली गाडी म्हणजे झाकणाचा डबा. कुठूनही कापलास तरी आकार सोडत नाही. हिला झाकण नाही. हिचा सगळा भार दाराखालच्या ह्या दोन पोकळ पट्ट्यांवर, आणि त्याच गंजल्यात. त्या कापायच्या आधी दाराच्या चौकटीत दांडे वेल्ड करायचे. एक आडवा, एक तिरपा. टेकू." आणि त्याने चित्रातल्या दारावर दोन जाड रेघा ओढल्या. "नाही लावलेस तर कमरेतून बसली म्हणून समज. कळलं का इंजिनियर?" हा म्हणाला, "दादा, मी आयुष्यभर टेकूच बघतोय." "म्हणूनच सांगतोय. रोज बघणाऱ्याला दिसत नाही," दादा म्हणाला. खडूचं ते चित्र फरशीवर तसंच राहिलं. गाडीखाली शिरताना तो त्याला वळसा घालून जायचा. पुढे दादाला एवढ्या लांब येणं झेपेना, तेव्हा तो रविवारी फोन करू लागला, कधी मधल्या वारीही. एका बुधवारी त्याने फोन करून फक्त एवढंच विचारलं, "टेकूचं लक्षात आहे ना?" आणि ज्या शनिवारी कापायचं होतं, त्या सकाळी आठ वाजता पुन्हा. "टेकू लावलेस?"

"लावले," तो म्हणाला. दांडे कोपऱ्यात उभे होते, मापात कापलेले, घासलेले. ते लावायचे तर अर्धा दिवस जाणार होता. पण अर्ध्या दिवसाचा प्रश्न नव्हता, हे त्याचं त्याला ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात त्याने दोन कागदांवर आकडेमोड केली होती. गाडीच्या मधोमध जो लांबट उंचवटा असतो, तो पट्ट्यांशिवायही भार पेलेल असं आकडे सांगत होते, वर थोडं शिल्लक राहून. मनात असं होतं, की काम नीट पार पडेल, गाडी उभी राहील, आणि मग एखाद्या रविवारी हसत हसत सांगायचं, दादा, टेकू लावलेच नव्हते बरं का. एवढंच. एकदा तरी दादाच्या विद्येपेक्षा आपली विद्या वर आहे हे दादाच्याच गाडीवर दाखवायचं. सकाळी उजवी पट्टी कापली. ठिणग्या उडाल्या, जळक्या रंगाचा वास सुटला, काही झालं नाही. बघ, तो मनात म्हणाला. चहा प्यायला. दुपारी डावी कापली. ती सुटली तेव्हा फार आवाजही झाला नाही; कोणी म्हातारं माणूस खुर्चीत बसताना करतं तसा एक बारीक आवाज. त्याने ग्राइंडर ठेवला, दार ओढलं, आणि ते वरच्या बाजूला अडलं. बोटभर. त्याने पुन्हा ओढलं. पलीकडे जाऊन दुसरं ओढलं, तेही अडलं. मग त्याने मधल्या उंचवट्यावर खिळा टेकवून दाबला, तर खिळा पापडात शिरावा तसा आत गेला. आतून अर्धा पत्रा गंजून गेला होता आणि त्याने हिशोब धरला होता अखंड पत्र्याचा. हाताखालच्या एखाद्या पोराने हे केलं असतं तर त्याने त्याला सगळ्या ऑफिससमोर उभं केलं असतं. खाली जॅक लावून गाडी उचलून बघितली तेव्हा मागच्या मडगार्डाला चुणी पडली, दादाला आवडायचा त्याच मडगार्डाला. त्याने जॅक उतरवला आणि गाडीवर ताडपत्री टाकून दिली.

इथपर्यंतचं सगळं माफ करण्यासारखं होतं, असं तो टॅक्सीत बसून स्वतःला सांगत होता. मूर्खपणा होता, घमेंड होती, पण दादाने शिव्या दिल्या असत्या, चार दिवस इंजिनियर म्हणून चिडवलं असतं आणि पुढचा मार्ग सांगितला असता. दोन रविवार त्याने फोनवर काहीबाही सांगून काढले. तिसऱ्या रविवारी दादा येतो म्हणाला, वहिनींचा भाचा गाडीने सोडणार होता. त्या सकाळी ह्याने बादली घेतली, रॉकेलचं फडकं घेतलं आणि गॅरेजची फरशी पुसली. बायको दारात येऊन म्हणाली, "आज काय, सूर्य कुठून उगवला?" तो म्हणाला, "दादा येतोय, पाय घसरायला नको." आणि ते म्हणताना खडूची ती गाडी, तिची चाकं, दारावरच्या त्या दोन रेघा फडक्याखाली जात होत्या. जीभ घसरली असं म्हणायलासुद्धा त्याने जागा ठेवली नव्हती. दादा आला. दाराला हात लावला, एकदा ओढून बघितलं, मग चांगल्या हाताचा तळवा चौकटीच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. "टेकू?" त्याने विचारलं. आणि हा म्हणाला, "कसले टेकू? तू बोललाच नाहीस टेकूचं." आवाजही चांगला लागला, जरासा दुखावलेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशाच असणार. दादाने चौकटीवरचा हात काढून घेतला. "मी शनिवारी फोन केला होता." "केलास ना. रंगाचं विचारलंस." दादाने मग फरशीकडे बघितलं. काठीच्या टोकाने त्या स्वच्छ फरशीवर एक गोल काढला, जणू खाली काही आहे का चाचपत होता. "इथे मी काहीतरी काढलं होतं ना रे?" "इथे? नाही दादा." त्या क्षणी अजून परतता आलं असतं. दादा हसला. तसं हसू त्याने दादाच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. ओळख न पटलेल्या माणसाशी आपण हसतो तसं. "असेल," दादा म्हणाला, "आता होणारच असं." चहा न घेताच गेला. पुढच्या रविवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आणि ह्याला, खोटं कशाला बोला, सुटल्यासारखं वाटलं होतं.

दादाने त्याचं खोटं पहिल्यांदाच पचवलं होतं असंही नाही. नोकरी लागून दोन वर्षं झाली असतील, साहेबांची नवी गाडी खांबाला घासली तेव्हा ह्याने पुढे होऊन दादाला बोलावून घेतलं होतं. दादाने ऑफिसच्या आवारातच बसून दुपारभरात पोचा काढला. साहेब खुश. "कुठून पकडलात हो हा माणूस?" साहेबांनी विचारलं, आणि दादा चार हातांवर हत्यारं गोळा करत असताना हा म्हणाला, "आहे एक ओळखीचा." दादाची मान वर झाली नाही. हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून तो आला आणि ह्यालाच सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, काम झालंय, बघून घ्या." इतकं बेमालूम. संध्याकाळी घरी नेहमीसारखा जेवला, त्या गोष्टीबद्दल ना तेव्हा बोलला ना नंतर. तेव्हा ह्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि आठवड्याभरात तो विसरलाही होता. माणसाला लाजेचीसुद्धा सवय होते. ह्याच्याकडून एखादं खोटं निघालं की त्याची उरलेली बाजू दादाने सांभाळायची, अशी त्या घराची रीतच होती म्हणा ना. फक्त ह्या वेळी दादाला माहीत नव्हतं की तो काय सांभाळतो आहे.

दादा फाटकाशीच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, काखेत फाइल. खिशातून चिठ्ठीचा कोपरा वर आला होता. टॅक्सीत तो फार बोलला नाही. एकदा म्हणाला, "आज वार कुठला, विचारतात म्हणे. गुरुवार ना?" "गुरुवार." "तारीख मी पाठ केलीय." मग थोड्या वेळाने, बाहेर बघत, "तुझं गाडीचं काम बिघडवलं मी. तुला मोकळा शनिवार क्वचित मिळतो." त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. समोर टॅक्सीवाल्याची मान दिसत होती. परक्या माणसासमोर कशाला, असं त्याने स्वतःला सांगितलं. पळवाटा शोधणाऱ्याला त्या पावलापावलावर सापडतात. मग लिफ्टमध्ये दोन बायका होत्या, बाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, आणि मग नंबर आला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, टेबलावर कागदांशिवाय काही नव्हतं. त्यांनी तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाल्या. घड्याळ काढायला लावलं. दादाने उजव्या हाताने एका झटक्यात असा गोल काढला, की बाई म्हणाल्या, "वा." शंभरातून सात सात कमी करताना तो एकाहत्तरला येऊन थांबला. एकोणऐंशीच्या जागी अठ्ठ्याहत्तर म्हणाला होता बहुतेक. तिथे त्याने ह्याच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत डोळे घालून बोललेला माणूस उत्तरासाठी धाकट्या भावाच्या तोंडाकडे बघत होता. ह्याने बुटांकडे नजर वळवली. तीन शब्द दादाने तिन्ही सांगितले, पण सांगून झाल्यावरही त्याला खात्री वाटेना. "हेच होते ना?" त्याने दोनदा विचारलं. बाईंनी लेखणी खाली ठेवली. "काका, तुम्हाला कशावरून वाटलं, की आपण विसरायला लागलोय?"

दादाने रुमालाने कपाळ पुसलं. "बाई, मी गाड्यांचं काम करायचो," तो म्हणाला. "आमच्या कामात एक गोष्ट असते. उघडी गाडी कापायची तर आधी टेकू लावायचे. हे आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात. नावाआधी शिकवतात म्हणा. तेच सांगायचं विसरलो मी ह्याला. बरं, नुसतं विसरलो असतो तरी समजलो असतो, वय झालं. पण मला वाटतंय की मी सांगितलं. मला दिसतंय सगळं. मी खाली बसलो, खडू घेतला, चित्र काढलं. फोन केला तो आठवतोय. आणि ह्यातलं काही झालंच नाही." त्याने खिशातली चिठ्ठी बोटाने आत सारली. "न झालेलं दिसायला लागलं म्हणजे पुढे काय राहिलं, बाई? उद्या हिला ओळखणार नाही मी." हिला म्हणजे वहिनींना. बाईंनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि ह्याच्याकडे वळल्या. "तुम्ही जवळचे. घरच्यांना काय काय जाणवलं, ते मला सांगा."

"मी जरा बाहेर बोलू का तुमच्याशी?" तो म्हणाला.

"त्यांच्यासमोर बोललेलं बरं असतं," बाई म्हणाल्या.

दादाने मान डोलावली. "बोल रे. मला काय वाटायचंय आता."

त्याने टेबलाची कड धरली. "तो विसरला नाही," तो म्हणाला. "त्याने सांगितलं होतं. मी लावले नाहीत. मग गाडी बसली, आणि मी त्याला सांगितलं की तू बोललाच नाहीस." बाईंचं लिहिणं थांबलं. "चित्रही काढलं होतं त्याने. मी पुसलं. तो यायच्या आधी." तो दादाकडे न बघता बोलत होता, पण आता बघायलाच हवं होतं. दादाने काहीही म्हणावं, काठी उचलावी, ह्या बाईसमोर थोबाडीत मारावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

"म्हणजे मी सांगितलं होतं?" दादा म्हणाला.

"हो."

"टेकूचं?"

"हो दादा."

"खडूने काढून? खाली बसून?"

"काढून. आणि मग बुधवारी फोनवर. आणि शनिवारी सकाळी पुन्हा. तीनदा सांगितलंस."

"तीनदा," दादा म्हणाला. त्याने तो शब्द सावकाश उच्चारला आणि मग त्याचा चेहरा उजळत गेला. आधी डोळे, मग गाल, मग ती झटक्याने किंचित ओढली गेलेली ओठांची बाजूसुद्धा. रागाचा मागमूस नव्हता. खोटं, पुसलेली फरशी, मोडलेली गाडी, ह्यातलं काही त्याच्या कानात शिरलंच नव्हतं जणू. त्याने चांगला हात टेबलावर आपटला. "बघा बाई! तीनदा! लिहा तिथे. वारासकट आठवत होतं मला!" तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मग त्याने ह्याचं मनगट धरलं. पत्रा धरायची ती जुनी पकड, अजून तशीच. ह्याला वाटलं, आता. पण दादा म्हणाला, "फोन लाव. हिला लाव आधी, महिनाभर झोपली नाहीये ती."

"तू बोल ना," हा कसाबसा म्हणाला.

"छे, मी सांगून खरं नाही वाटायचं तिला. म्हणेल, हे आणखी एक नवीन. तूच सांग. तुझा शब्द ती मानते."

त्याने फोन लावला. पहिलीच रिंग पुरी व्हायच्या आत वहिनींनी उचलला. "भाऊजी? काय म्हणाल्या डॉक्टर? काय निघालं?" आवाजात धाप होती, फोन हातात घेऊनच बसल्या असाव्यात. समोर दादा खुर्चीच्या टोकावर सरकून बसला होता, डोळे पुसत, कौतुकाने त्याच्या तोंडाकडे बघत. "सांग की," तो म्हणाला, "सगळं सांग तिला, पहिल्यापासून."